बाभळीचा ठोकळा

"गाडी बंद करू नका हं, मामा."

"तिसऱ्यांदा सांगतीयास. मला काय खूळ लागलंय व्हय?"

माझे सासरे हिंदुराव पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बसले होते. गाडी जागच्या जागी धडधडत होती आणि मत्स्यबीज केंद्रावरची माणसं नाकाला रुमाल लावून आमच्या पिशव्या मागं चढवत होती. साठ पिशव्या. प्रत्येकीत तळाला थोडं पाणी, वर फुगवून भरलेला ऑक्सिजन आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं.

केंद्रावरच्या माणसानं शेवटच्या पिशवीवर ओलं गोणपाट टाकलं आणि घड्याळ पाहिलं. "साडेसात झालेत, ताई. दोनच्या आत तलावात गेली पाहिजेत. आज उघडीप आहे, ऊन तापणार. दोननंतर मी काही सांगू शकत नाही."

"चार तासांची तर वाट आहे," मी म्हणाले.

त्यानं पिकअपच्या पुढच्या चाकापासून मागच्या फाळक्यापर्यंत नजर फिरवली. "ह्या गाडीनं?" त्यानं विचारलं.

मी तोंडाची फटकळ, पण त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. गाडी अठरा वर्षांची होती. सेल्फ जाऊन वर्ष झालेलं, म्हणजे किल्ली फिरवून ती चालू व्हायची नाही. एकतर ढकलायची नाहीतर उतारावरून सोडायची. रोज सकाळी आमच्या आळीतली माणसं ढकलायची आणि स्टिअरिंगवर मी बसायची. क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, गाडीनं वेग घेतला की क्लच सोडायचा, इंजिन खोकून जागं झालं की पन्नास पावलांवर थांबून मामांना जागा द्यायची. माझं ड्रायव्हिंग एवढंच. हँडब्रेक तर मी लग्न होऊन आले तेव्हापासूनच शोभेचा होता.

खरं म्हणजे त्या दिवशी दुसरा टेम्पो ठरला होता. पहाटे त्यानं येत नाही म्हणून निरोप धाडला. गावच्या तलावासाठी आम्ही अकरा बायकांनी गट केला होता. पंचायतीत एकजण भर सभेत म्हणाला होता, बायका मासे धरणार का माश्या मारत बसणार? तरी ठराव झाला, पण अट घालून. पंधरा ऑगस्टच्या आत तलावात बीज पडलं नाही, तर तलाव पुन्हा जुन्या ठेकेदाराकडं. त्या दिवशी तारीख होती बारा, आणि केंद्रावरची ही यंदाची शेवटची खेप. माझा नवरा अंकुश जाऊन तीन वर्षं झाली होती. सासऱ्यांच्या जिवावर बसून खाताना मला घास गिळत नव्हता. तो तलाव मला हवा होता, दुसरं काही नको होतं.

मामा सहा महिन्यांत त्या गटाबद्दल बरं की वाईट एक अक्षर बोलले नव्हते. टेम्पोचा निरोप ऐकून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चल."

पहिला दीड तास गाडी शहाण्यासारखी चालली. मग मोठ्या कालव्याच्या अलीकडं ती गचके खायला लागली.

"काय झालं?"

"हवा धरली. डिझेलात हवा शिरली कुठनं तरी."

इंजिन बंद पडायच्या आत मामांनी गाडी कशीबशी कालव्याच्या पुलावर चढवली आणि पलीकडच्या उतारावर आणून थांबवली. "ठोकळा," ते म्हणाले. मी उतरून ठोकळा पुढच्या चाकाला लावला.

हा ठोकळा बाभळीचा, एका बाजूनं निमुळता तासलेला. त्याला नायलॉनची दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक गाडीच्या दाराला बांधलेलं. अंकुश गेल्यावर मामांनी तो स्वतः बसून तासला होता. गावात त्यावरून चेष्टा व्हायची. हिंदूतात्याच्या गाडीला शेपूट फुटलंय, म्हणायचे. बाकीचे गाडीवाले चाकाला लावायला रस्त्यावरचा मिळेल तो दगड घेतात. मामा घेत नसत. म्हातारपणी माणसाला एकेक छंद लागतो, तसा हा एक, असं मी धरून चालले होते.

त्यांनी बॉनेट उघडलं. डिझेलच्या रबरी नळीला चीर गेली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी ती नळीवर आवळून गुंडाळली, मग फिल्टरवरचा एक नट ढिला केला आणि हातपंप मारायला लागले. नटातून फेस यायला लागला. फेस संपेपर्यंत पंप मारायचा असतो. तो संपेना. मी गोणपाटावर कालव्याचं पाणी मारत होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

"मामा, हात जरा..."

"हात चालतोय. तोंड नगं चालवू."

नऊ चाळीसला फेस संपला. मामा आत बसले, त्यांनी गिअर टाकला. मी आत बसून दोरी हिसडली. ठोकळा सुटला, गाडी घरंगळली, इंजिन जागं झालं. फरपटत येणारा ठोकळा मी दोरीनं आत ओढून घेतला. त्या शेपटाचा उपयोग एवढाच होता, की ते कधी मागं राहायचं नाही.

घाट चढताना ऊन डोक्यावर आलं. बोरीचा घाट अकरा किलोमीटर, निम्मा चढ आणि निम्मा उतार. अर्ध्या चढावर पट्टा कुईकुई करायला लागला आणि गरम होण्याचा काटा हलायला लागला. मी मागच्या काचेतून पिशव्यांकडं पाहिलं. आपण काय बघतोय हे मलाच कळत नव्हतं. मासे मेलेत का जिवंत, ते गोणपाटाखालून दिसायचं थोडंच.

खिंड ओलांडली आणि पुढून फट् असा आवाज आला.

"फॅनबेल्ट ग्येला," मामा म्हणाले. "आता पाणी फिरायचं न्हाय. इंजान शिजंल."

पुढं उंबराचं वळण होतं. घाटात तेवढ्याच जागी दाट सावली. पिशव्यांना सावली पाहिजे होती, म्हणून मी मन घट्ट केलं. "उंबराखाली थांबवा, मामा. सावली हाय."

मामांनी ऐकलं नाही. गाडी उतारावर होतीच, त्यांनी इंजिन बंद करून ती तशीच सोडली. उंबर गेला, कठडा गेला, पुढची दोन वळणं गेली. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. अंकुश त्याच वळणावर गेला होता. डेअरीतलं काम आटपून दिवस मावळताना मोटरसायकलवर घरी येत होता आणि रस्त्यात पडलेल्या दगडावर चाक चढलं. कुणा गाडीवाल्यानं चाकाला लावून तसाच टाकून दिलेला दगड. कोण ते कधी कळलं नाही.

मला त्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून मी त्याला रोज बिननावाची शिवी द्यायचे. संध्याकाळी दिवा लावला की अंकुशच्या फोटोला हात जोडून म्हणायचे, "ज्यानं रस्त्यात दगड टाकून पळ काढला, त्याच्या घासाला कधी चव लागू नये." सासूबाई मागून म्हणायच्या, "लागू नये." आरतीसारखं ठरूनच गेलं होतं. मामा तेव्हा ताटावर असले तर अर्ध्यातून उठायचे आणि गाडी बघायला बाहेर जायचे. पोराचं नाव म्हाताऱ्याला सोसत नाही, असं मला वाटायचं.

उन्हातच, एका सरळ उतारावर, मामांनी गाडी थांबवली. अकरा वीस. सीटमागं एक जुना पट्टा होता, तो त्यांनी काढला. पट्टा चढवायचा म्हणजे डायनॅमो ढिला करून आत सरकवायचा, पट्टा अडकवायचा, मग डायनॅमो बाहेर ताणून धरून बोल्ट आवळायचा. बोल्ट गंजलेला. मामा पान्यावर उभे राहिले तेव्हा कुठं तो फिरला आणि फिरला तो फिरतच राहिला. आटे गेले होते.

"आता?"

मामा बराच वेळ इंजिनात बघत राहिले. मग म्हणाले, "ठोकळा दे."

"चाकाचा?"

"डायनॅमोच्या मागं पाचर मारतो. घरापातूर तितंच ऱ्हाईल. चाकाला..." ते थांबले. आजूबाजूला पाहिलं. घाटात दुसरं होतं काय? "चाकाला दगड लाव."

मी कडेचा एक चांगला डोक्याएवढा काळा दगड दोन्ही हातांनी उचलून आणला, चाकाला लावला आणि ठोकळा काढून दिला. त्यांनी दोरी सोडवून सीटवर टाकली आणि ठोकळ्याची निमुळती बाजू डायनॅमोच्या मागं घालून हातोडीनं ठोकली. दोनदा तो निसटला. दुसऱ्यांदा त्यांच्या अंगठ्यावर हातोडी बसली. अंगठा तोंडात धरून ते तसेच उभे राहिले. मी एक पिशवी उचलून पाहिली. पाणी कोमट लागलं. चार-पाच पिल्लं पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होती.

"मामा, पिल्लं वर यायला लागली."

"झालंच."

बारा पस्तीसला एकदाचा पट्टा ताणला गेला. मामा आत बसले. "काढ," म्हणाले. मी वाकून दगड ओढला, तशी गाडी हलली. दगड मी मागं ढकलला आणि धावत जाऊन चालत्या गाडीत चढले. इंजिन धरलं. मला एवढा आनंद झाला की मी डॅशबोर्डवर थाप मारली.

खाली उतरताना मामा सारखे आरशात मागं बघत होते. घाट संपला, रस्ता सपाट झाला. तिठ्यावरची पिठाची गिरणी दिसली. बारा पन्नास. इथून गाव चौदा किलोमीटर.

"दगड कडंला लावलास न्हवं?" मामांनी विचारलं.

"लावला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. गाडी हळू झाली.

"कुठं लावलास?"

"तिथंच. कडंला."

"गाडी हलली तवा तू पळत आलीस. कवा लावलास?"

त्यांनी गाडी गिरणीसमोर, ओढ्याकडं उतरत्या कडेला घेतली आणि पाय ब्रेकवर ठेवून चालू ठेवली.

"शालन."

"न्हाय लावला," मी म्हणाले. "ऱ्हायला. कुणीतरी उचलंल की, मामा. एवढी रहदारी हाय."

ते स्टिअरिंग फिरवायला लागले. गाडी वळवत होते.

"मामा, काय करताय?" मी स्टिअरिंगच धरलं. "वर जाऊन यायला पाऊण तास. पट्टा ह्यो असला. सगळी मरतील. अकरा बाया बांधावर बसल्यात वाट बघत. तलाव जाईल. तुमाला कळतंय का, तलाव जाईल."

"कळतंय."

"मग?"

"तितं उतार हाय. मागनं येणारा जोरात येतो. त्येला दिसायचं न्हाय."

खोटं बोलून वर पकडली गेले होते, त्यामुळं मला जास्तच राग आला होता. पण ते म्हणत होते ते खरं होतं, आणि मी तरी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते? दगडानं घर बसलेली बाई मी. मी दाराला हात घातला. "मी जाते. मिळंल त्या गाडीनं वर जाते न् उचलून टाकते. तुमी बीज घेऊन जावा."

"न्हाय. मी जातो. तू गाडी ने."

"मी? मला रस्त्यावर कुठं येतीया गाडी?"

"रोज सकाळी बसतीस न्हवं?"

"ती पन्नास पावलं."

"मग पन्नास पन्नास पावलंच जा. बंद पाडू नगंस म्हंजे झालं."

"पण मामा, हे उलटं झालं. गाडी तुमची, हात तुमचा. दगड उचलायला तुमीच कशाला पायजे? दगड काय तुमच्या नावाचा हाय?"

इंजिन धडधडत होतं. गिरणीतून कुणीतरी बाहेर येऊन आमच्याकडं बघून आत गेलं.

"त्यो व्हता," मामा म्हणाले.

"कुठला त्यो?"

"तीन वर्सांमागचा." त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. दुखऱ्या अंगठ्याकडं बघत होते. "उंबराच्या वळणावर दुपारी स्प्रिंगचा पाटा तुटला गाडीचा. दगड लावला, पाटा बांधला. बाजार गाठायचा व्हता. निघताना मनात आलं, दगड ऱ्हायला. म्हणलं, कुणीतरी उचलंल की."

मला ऐकू आलं होतं. तरी मी म्हणाले, "काय?"

"सांजच्याला त्योच आला त्या वाटंनं."

त्यांनी माझा हात धरून स्टिअरिंगवर ठेवला. मी त्यांच्या बाजूला सरकले की त्यांनी मला सरकवलं, आठवत नाही. ब्रेकवर माझा पाय येईपर्यंत त्यांनी आपला पाय काढला नाही. मग ते उतरले. घाटाकडं जाणाऱ्या एका दुधाच्या गाडीला त्यांनी दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभं राहून थांबवलं. चढून बसले आणि गेले.

मी तशीच बसून होते. पायाखाली ब्रेक होता. तीन वर्षं मी ज्याला शोधत होते, तो माझ्यासमोर रोज भाकरी खात होता. नव्हे, खात नव्हता. अर्ध्यातून उठत होता. मी ओरडले असते, त्या गाडीमागं धावले असते, भर तिठ्यावर त्यांची टोपी काढून फेकली असती. पण ब्रेकवरचा पाय काढला असता तर गाडी ओढ्यात गेली असती आणि क्लच चुकला असता तर बंद पडली असती. साठ पिशव्या मागं होत्या. मी पहिला गिअर टाकला.

पहिले चार-पाच किलोमीटर मी रडत गाडी चालवली. समोरून बैलगाडी आली तेव्हा डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. दुसऱ्या गिअरच्या वर मी गेले नाही. इंजिन किंचाळत होतं, मीही मधूनमधून ओरडत होते. काय ओरडत होते ते सांगण्यासारखं नाही.

मग जरा चढ लागला आणि ॲक्सिलेटर एकदम पायाखाली मेला. दाबला तर खाली गेला आणि खालीच राहिला. इंजिन बंद पडलं नव्हतं, हळू आवाजात चालू होतं, पण जोर नव्हता. गाडी चढावर थांबली आणि मागं यायला लागली. मी ब्रेक दाबून न्यूट्रल केलं. एक वीस.

ॲक्सिलेटरची तार तुटली होती. हे मी एकदा पाहिलं होतं. मामांनी तेव्हा इंजिनावरच्या पंपाच्या दांडीला सुतळी बांधून ती खिडकीतून आत घेतली होती आणि हातानं ओढत गाडी घरी आणली होती. पण त्यासाठी उतरायला पाहिजे आणि उतरले तर गाडी मागं जाणार. ठोकळा डायनॅमोमागं ठोकलेला.

रस्त्याच्या कडेनं एक म्हातारी शेरडं घेऊन चालली होती. मी खिडकीतून हाक मारली. "आजी, मागच्या चाकाला एक दगड लावता का?"

तिनं शेताच्या बांधावरचा दगड आणून लावला. मी ब्रेक हळूच सोडून पाहिला, गाडी दगडावर टेकली. मी उतरले, बॉनेट उघडलं. दांडी सापडली. ठोकळ्याची नायलॉनची दोरी सीटवर पडलेलीच होती. तिचं एक टोक दांडीला बांधलं आणि दुसरं बॉनेटच्या फटीतून, आरशाखालून खिडकीत घेतलं. ओढून बघितली. इंजिन गुरगुरलं. मला हसू आलं, कसलं आलं कोण जाणे.

आत बसून एका हातानं दोरी ओढली, दुसऱ्यानं स्टिअरिंग, पायानं क्लच. गाडी पुढं निघाली. आता थांबायची काही गरज नव्हती. चढ होता, दगड चाकामागं होता, तो आपोआपच मागं सुटला. आरशात मला तो दिसत होता, रस्त्याच्या बरोबर मध्ये. एक तीस झाले होते.

"आजी, तेवढा दगड..." मी ओरडले. पण म्हातारी शेरडांमागं शेतात उतरून लांब गेली होती.

तीस-चाळीस पावलांवर चढ संपला. तिथं मी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, तिला उभी ऱ्हा म्हणत ब्रेक सोडला. ती उभी राहिली. मी दार उघडं टाकून मागं धावले, दगड उचलला आणि शेतात पार लांब फेकला. पुन्हा धावत आले तर गाडी दोन हात पुढं सरकली होती. चढले आणि दोरी ओढली.

बांधावर अकरा नव्हे, दहा बायका होत्या. अकरावी मीच की. मला एकटीला स्टिअरिंगवर बघून आमची सुलाबाई म्हणाली, "अगं, तात्या कुठायत?"

"येतील. पिशव्या घ्या आधी."

एक पन्नासला पहिली पिशवी तलावात गेली. लगेच सोडायची नसते. पिशवी बंदच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड उघडायचं. ती वीस मिनिटं आम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होतो. मग मी पहिल्या पिशवीची गाठ सोडली आणि तिरकी केली. क्षणभर काहीच झालं नाही. मग चंदेरी ओळ सुटली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. सुलाबाई रडायला लागली. साठातल्या सात पिशव्या मेलेल्या निघाल्या. बाकी त्रेपन्न जगल्या.

मामा चारच्या सुमाराला चालत बांधावर आले. गाडीला बांधलेली दोरी त्यांनी पाहिली, बॉनेट उघडून गाठ पाहिली, बॉनेट लावलं. माझ्याजवळ आले नाहीत. लांबूनच म्हणाले, "किती?"

"सात पिशव्या गेल्या."

त्यांनी मान हलवली.

"दगड?" मी विचारलं. त्यांच्याकडं बघून विचारता आलं नाही.

"व्हता तितंच. दुधाची गाडी चाक घासून गेली त्याच्यावरनं, वर जाताना. कठड्यापलीकडं टाकला."

मी रिकाम्या पिशव्या गोळा करायला वळले. माझ्या हाताला अजून डिझेलचा वास येत होता.

संध्याकाळी सासूबाईंनी भाकऱ्या केल्या. दिवसभर उपाशी असल्यामुळं मामा लवकर ताटावर बसले. मी दिवा लावला. फोटोसमोर हात जोडले आणि उभी राहिले. शब्द तोंडात तयार होते, तीन वर्षं रोज म्हटलेले. मागं सासूबाई थांबल्या होत्या, त्यांना त्यांचं म्हणायचं होतं.

"आज बोलली न्हाईस काय?" त्यांनी विचारलं.

मी वळून पाहिलं. मामांनी भाकरी मोडली होती आणि तुकडा हातातच होता. ते उठले नव्हते. उठायच्या बेतात नव्हते. आज जे काय असेल ते बसून ऐकणार होते.

द्यायला मी शिवी दिली असती. हातपाय अजून रागानं गरम होते. पण दुपारी घाटात मीही दगड टाकला होता, वर खोटं बोलले होते, आणि तो उचलायला गेलं ते दुसरंच माणूस. त्या शिवीत आता माझंही ताट आलं होतं.

"ऱ्हाऊ द्या आज, आत्याबाई," मी म्हणाले. "जेवण निवतंय."

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग चुलीकडं वळल्या. मी मामांच्या ताटात आमटी वाढली. माफ केलं असं मी म्हणत नाही. ते मला त्या दिवशी जमलं नाही, मामा गेले तोवर जमलं नाही, आणि आज माझ्या स्वतःच्या दोन गाड्या मासे वाहतात, तरी जमलंय असं सांगवत नाही. तो ठोकळा मात्र मी पुढच्या गाडीलाही बांधला आणि तिच्या पुढच्याही.

मामांनी घास घेतला. हळूहळू चावला. ताटातली भाकरी संपली तरी ते बसूनच होते.

"अर्धी दे गं आणि," ते म्हणाले.

मी अख्खी वाढली.